डॉक्टरबाईंचं ‘बघू’

नवव्या महिन्यात डॉक्टर बदलू नये, एवढं कानामात्र्यांनाही कळत होतं. पुस्तक छपाईला चढल्यावर मुद्रितशोधक बदलत नाहीत, हे त्यांनी स्वतः एका प्रकाशकाला तोंडावर सुनावलं होतं. पण दुसऱ्याला सांगायचं शहाणपण वेगळं आणि स्वतःच्या घरातला नववा महिना वेगळा.

कानामात्रे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव छापखान्याच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. अठरा वर्षं लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारता सुधारता त्यांना हे नाव चिकटलं, आणि छापखान्यातून ते कधी त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं कळलंच नाही. आता शेजारीपाजारीही त्याच नावाने हाक मारत. बायको तेवढी ‘अहो’ म्हणे, आणि रागावली की ‘अहो मुद्रितशोधक’.

डॉक्टरबाईंशी त्यांचं पहिल्यांदा बिनसलं ते पाटीवरून. दवाखान्याच्या दारावर निळ्या अक्षरांत ‘प्रसुतीगृह’ असं लिहिलेलं होतं. आता या शब्दात ‘सू’ दीर्घ हवा आणि ‘ति’ ऱ्हस्व. पाटी रंगवणाऱ्याने दोन्हीकडे नेमकं उलटं केलेलं. एखाद्याचं अर्धं चुकलं तर माणूस समजून घेतो, पण एका शब्दात शंभर टक्के चुकायला मेहनत लागते. ज्यांना प्रसूतीतला ‘सू’ सांभाळता येत नाही, त्यांच्या हाती प्रसूती कशी सोपवायची, हा कानामात्र्यांचा सवाल होता. बायको म्हणाली, “पाटी काय डॉक्टरांनी रंगवलीय?” पण तो मुद्दा वेगळा.

पाटी एक वेळ त्यांनी पोटात घातली असती. पण डॉक्टरबाईंचं बोलणं. बोलणं कसलं, एक शब्द. साठीच्या, ठेंगण्या, कपाळावर कायमची आठी असलेल्या या बाई काहीही विचारलं तरी ‘बघू’ म्हणत.

“डॉक्टर, सगळं ठीक आहे ना?”

“आत्तापर्यंत आहे. पुढचं बघू.”

“दिलेल्या तारखेलाच होईल ना?”

“बघू.”

“म्हणजे नैसर्गिकच होईल, असं धरून चालायला...”

“बघू.”

कानामात्र्यांना या शब्दाचा अठरा वर्षांचा अनुभव होता. छापखान्याचे मालक ‘बघू’ म्हणाले की ती रजा मिळत नाही, ती खुर्ची बदलत नाही आणि तो पंखा दुरुस्त होत नाही. ‘बघू’ म्हणजे सभ्य भाषेतलं ‘विसरा’. रजेच्या आणि पंख्याच्या बाबतीत त्यांनी विसरून दाखवलंही होतं. पण इथे काय विसरायचं?

कारण हे बाळ त्यांना फार हवं होतं. दोन वर्षांपूर्वी, जुन्या घरी असताना, हातातोंडाशी आलेलं असंच एक सहाव्या महिन्यात निसटलं होतं. त्याबद्दल दोघं घरात बोलत नसत. कपाटात नावांची एक यादी होती, कानामात्र्यांच्या अक्षरात, शुद्धलेखन दोनदा तपासलेली. तिच्याबद्दलही बोलत नसत. या खेपेला त्यांना एकच गोष्ट ऐकायची होती, की सगळं नीट होईल. आणि डॉक्टरबाई नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं, म्हणजे ‘बघू’, म्हणत होत्या.

बायकोला मात्र त्याचं काही नव्हतं. ती वेधशाळेत होती. वारा, ढग आणि हवेतला दमटपणा मोजून उद्याचा अंदाज बांधायचं तिचं काम. इमारतीतल्या बायका तिला जिन्यात गाठून विचारत, “वहिनी, गादी उन्हात टाकू का?” त्यावर ती आधी खिडकीतून वर बघे आणि म्हणे, “टाका, पण लक्ष ठेवा.” अशा बाईला ‘बघू’ खटकणार कसं? उलट डॉक्टरबाईंचं नाव निघालं की ती शांतपणे पायाची सूज चोळत म्हणे, “मला बऱ्या वाटतात हो त्या.” कानामात्र्यांनी याची नोंद ‘गरोदरपणातला हळवेपणा’ अशी घेतली आणि विषय आपल्या हाती घेतला.

विषय माणसाने हाती घेतला की तो आधी शेजारी जातो. जिन्यात विमावाले काका भेटले.

“बघू? हे काय उत्तर झालं?” काका म्हणाले. “तीस वर्षं विमा विकतोय मी. लोकांना खात्री लागते, खात्री. ती देता येत नसेल तर त्या धंद्यात पडू नये माणसाने.”

खात्री नसते म्हणूनच लोक विमा काढतात, हे काकांच्या तीस वर्षांत लक्षात आलं नव्हतं, आणि त्या दिवशी कानामात्र्यांच्याही आलं नाही. त्यांना काकांचं म्हणणं सोळा आणे पटलं.

तळमजल्यावरच्या शिलाईकाकू दिवसभर मशीनवर बसलेल्या असत आणि त्यांच्या ओठांत टाचण्या असत. त्यामुळे त्यांचा सल्ला दातांतून गाळून येई. “डॉक्टर हसरा हवा बाबा,” त्या म्हणाल्या. “माझ्या दोन्ही सुनांचं पुलापलीकडच्या हसऱ्या डॉक्टरांकडे झालं. त्यांचं तोंड बघूनच अर्ध्या कळा पळतात.”

“आणि उरलेल्या अर्ध्या?”

“त्या सोसायच्या. त्या काय डॉक्टरला येणारेत?”

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून तासाभराची सवलत घेऊन कानामात्रे पुलापलीकडे गेले. घरी काही बोलले नाहीत. फसवायचं म्हणून नव्हे. सगळं ठरलं की एकदम सांगू, एवढाच विचार. दवाखान्यासमोर ते पोचले आणि उभेच राहिले. दारावर ‘प्रसूतिगृह’ असं लिहिलेलं होतं. सू दीर्घ, ति ऱ्हस्व. निम्मा निर्णय तिथेच झाला.

आत हसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, “अगदी छान. काही काळजी करू नका.”

“मी अजून काही सांगितलंच नाही,” कानामात्रे म्हणाले.

“तरीसुद्धा,” डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा हसले. “फाइल तेवढी घेऊन या.”

फाइल डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात होती. तिच्या आणि कानामात्र्यांच्या मध्ये एक काउंटर होतं आणि काउंटरमागे एक बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात आणि हातात मोठं स्टेपलर. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, पेशंट आणि पेशंटचे मिस्टर. दुसऱ्या प्रकाराबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं.

“पेशंटचे मिस्टर ना तुम्ही? फाइल बाहेर जात नाही.”

“न्यायचीच असेल तर?”

“अर्ज करा. कारण लिहा. खाली पेशंटची सही.”

“सही मी केली तर?”

“तुम्ही पेशंट आहात?” बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांच्या पोटाकडे पाहिलं. तिथे अठरा वर्षांच्या बैठ्या कामाने थोडीफार शंकेला जागा ठेवली होती. कानामात्र्यांनी पोट आत घेतलं. शेवटी बाईंनाच दया आली. “बरं, ‘पत्नीकरिता’ लिहून करा. चालवून घेते.”

अर्ज लिहायला कानामात्र्यांना तीन दिवस लागले. पहिला मसुदा नऊ पानांचा झाला, कारण त्यात पाटीचा समग्र विचार होता. तो त्यांनी जड मनाने काढला. दुसऱ्यात ‘बघू’ या क्रियापदावर टिपण होतं, तेही गेलं. उरलं ते एक पान, आणि त्यातलं एक वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते पंख्याखाली उभं राहून मोठ्याने वाचलं: ‘आपल्या “बघू” या उत्तरामुळे आम्हां उभयतांचा आपल्यावरील विश्वास डळमळीत झाला असून, फाइल आमच्या स्वाधीन करावी, ही नम्र विनंती.’ अर्ज त्यांनी तीनदा तपासला. एक चूक सापडली नाही. आपल्या लिखाणाचं प्रूफ आपण वाचू नये, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. पण घाईत तो राहून गेला.

बुधवारी अर्ज घेऊन ते काउंटरवर गेले. बाईंनी तो वाचला नाही. ‘मिळाला’ असा शिक्का मारला, मागच्या कपाटातून फाइल काढली, अर्ज तिच्यात सगळ्यांत वर ठेवला आणि खाडकन स्टेपल मारून फाइल पुन्हा कपाटात ठेवली.

“अहो, ती फाइलच तर मला हवीय.”

“अर्जावर मॅडमचा शेरा झाल्याशिवाय?”

“मॅडम शेरा कधी देणार?”

“उद्या. उद्या तुमची तारीख आहे ना तपासणीची? फाइल उघडली की समोरच दिसेल.”

कानामात्र्यांच्या पायाखालची जमीन सरकली. उद्या सकाळी डॉक्टरबाई फाइल उघडणार, आणि समोरच्या खुर्चीत बायको बसलेली असणार. “मला तो अर्ज परत हवाय,” ते म्हणाले. आवाज चिरकला, तो त्यांनी खोकल्यात बसवला.

“मिळेल की,” बाई म्हणाल्या. “अर्ज करा.”

त्यांनी उभ्या उभ्या दुसरा अर्ज केला: ‘पहिला अर्ज परत मिळणेबाबत.’ बाईंनी त्याच्यावरही ‘मिळाला’ मारला, पुन्हा फाइल काढली आणि पहिल्यावर दुसरा ठेवून स्टेपल मारलं. तिसरा करावा का, हा विचार कानामात्र्यांच्या मनात आला होता. पण स्टेपलरकडे बघून त्यांनी तो सोडला.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी न सांगता भांडी घासली. बायको दारात उभी राहून थोडा वेळ बघत होती. “काय केलंत?” तिने विचारलं.

“भांडी.”

“त्याआधी?”

“काही नाही,” कानामात्रे म्हणाले आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

गुरुवारी सकाळी डॉक्टरबाईंनी फाइल उघडली. दोन्ही अर्ज वाचले, आधी दुसरा, मग पहिला. त्यांच्या कपाळावरची आठी जिथल्या तिथे होती. मग त्यांनी टेबलावरची तांबडी पेन्सिल उचलली आणि पहिल्या अर्जातल्या एका शब्दाभोवती गोल केला. अठरा वर्षांत कानामात्र्यांच्या मजकुरावर कोणी तांबडी पेन्सिल उगारली नव्हती. बायकोपुढे उघडं पडल्याची लाज नंतर वाटली, हे मान्य केलं पाहिजे. पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं ते, की चुकलं कुठे?

“शुद्धलेखनातलं मला कळत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण हा एक शब्द तपासून घ्या. उभयतांचा म्हणजे दोघांचा ना? यांना विचारलं होतं?” आणि अर्ज त्यांनी बायकोपुढे सरकवला.

बायकोने सगळा वाचला. ‘पत्नीकरिता’ हा शब्द तिने दोनदा वाचला असावा, कारण तिची नजर तिथे जाऊन थांबली. कानामात्र्यांना वाटलं, आता ‘अहो मुद्रितशोधक’ येणार. पण ती डॉक्टरबाईंसमोरच त्यांच्याकडे वळून बसली आणि गेली दोन वर्षं जे दोघंही बोलले नव्हते ते बोलली.

“ते आधीचे डॉक्टर फार गोड होते,” ती म्हणाली. “दर वेळी म्हणायचे, अगदी छान, काळजी करू नका. शेवटच्या खेपेलाही तेच म्हणाले. मी त्यांना सांगितलं होतं, कालपासून बाळ हललेलं कळत नाही. त्यांनी हातसुद्धा लावून बघितला नाही. छान म्हणाले. मी पण घरी येऊन तुम्हाला छानच सांगितलं.”

कानामात्र्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी तिचा हात धरला.

“या बाई मला घरी येऊन सांगण्यासारखं काहीच देत नाहीत,” बायको म्हणाली. “पण मी जरा कुठे दुखतंय म्हटलं, की हातातलं टाकून बघतात. उद्या काय होणार ते छातीठोकपणे सांगणाऱ्याला आमच्या वेधशाळेत कोणी उभं करत नाही. मला या चालतात. माझा विश्वास डळमळीत नाही.”

डॉक्टरबाईंनी उठून बायकोच्या दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब घेतला आणि थांबून पुन्हा घेतला. पायाची सूज अंगठ्याने दाबून पाहिली. मग फाइलमध्ये लिहीत म्हणाल्या, “रक्तदाब चढलाय. आज घरी जायचं नाही. दाखल करून घेते, आणि कळा सुरू करायचं औषध देते. फाइल हवी असेल तर घेऊन जा, मिस्टर. पण मग आत्ताच न्या, आणि यांना घेऊन सरळ तिथेच जा. वेळ घालवू नका.”

“नको,” कानामात्रे म्हणाले. “फाइल इथेच राहू दे.” आणि मग न राहवून, “डॉक्टर, ठीक होईल ना?”

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

“बघू,” त्या म्हणाल्या.

दवाखान्यात रात्री पुरुषांना थांबू देत नसत. बातमी कळताच शिलाईकाकू मशीनवर कापड तसंच टाकून पिशवी घेऊन आल्या आणि कानामात्र्यांना घरी पिटाळलं. सकाळी सहाला ते परत आले तेव्हा काकू पायरीवर बसल्या होत्या. ओठांत टाचण्या नव्हत्या, त्यामुळे त्या वेगळ्याच दिसत होत्या.

“अजून वेळ आहे. पण तुझ्या त्या डॉक्टरबाई,” काकू म्हणाल्या, “रात्रीतून सात वेळा येऊन गेल्या. मी मोजलं. दर खेपेला रक्तदाब, दर खेपेला पोटाला नळी लावून बाळाचे ठोके. एकदा तर नुसत्या स्टूल ओढून बसल्या आणि तिच्या पोटावर हात ठेवून बघत राहिल्या. हसल्या नाहीत हो एकदाही.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “पण आल्या.”

सात वेळा. कानामात्रे बाकावर बसले. एवढ्या पुस्तकांत, एवढ्या वर्षांत ‘बघू’ हा शब्द त्यांच्या नजरेखालून गेला होता, आणि त्याच्यात बघणं असतं हे एकदाही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मालकांनी शिकवलेला अर्थ घेऊन ते या बाईंशी नऊ महिने भांडत होते.

आठ वाजले, नऊ वाजले. आतून बायकोचा आवाज येई आणि कानामात्रे उठून उभे राहत. आवाज थांबला की अधिकच घाबरून उभे राहत. विमावाले काका धीर द्यायला आले आणि “सगळं देवाच्या हातात” असं म्हणून गेले, म्हणजे तीस वर्षांची खात्री त्यांनी पायरीवरच सोडली. दहाच्या सुमाराला काउंटरवरच्या बाईंना कानामात्र्यांच्या येरझाऱ्या असह्य झाल्या.

“अहो मिस्टर, बसा तरी नाहीतर काही काम तरी करा.”

“काय करू?”

बाईंनी टेबलाखालून निळ्या रंगाचा डबा, एक ब्रश आणि टर्पेंटाइनची बाटली काढली. “मॅडमनी सकाळीच आणायला लावलं. म्हणाल्या, मिस्टर फार अस्वस्थ झाले तर द्या. पाटी चुकलीय म्हणे आपली.”

नऊ पानांचा मसुदा तर त्यांनी कधीच फाडला होता. मग हे कळलं कसं? पहिल्या दिवशी दारात त्यांनी पाटीखाली उभं राहून मोठ्याने ‘अरेरे’ म्हटलं होतं, तेव्हा डॉक्टरबाई मागून येत होत्या, हे त्यांना आत्ता आठवलं. डॉक्टरबाईंनी तेही बघितलं होतं तर.

ते स्टुलावर चढले. टर्पेंटाइनच्या फडक्याने ‘सु’चा उकार पुसला. सगळं लक्ष आतल्या आवाजांकडे, त्यामुळे त्याबरोबर ‘स’ही गेला, आणि पाठोपाठ ‘ती’. पाटीवर ‘प्र’ आणि ‘गृह’ उरलं. मधे काहीच नव्हतं. आत बायको मोठ्याने ओरडली. कानामात्रे ब्रश हातात धरून त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. त्यांना ‘सू’ कसा काढतात ते आठवेना.

मग आतून दुसराच आवाज आला. बारीक, चिडलेला, कुणाचीही परवानगी न घेतलेला.

स्टुलावरून उतरायचं असतं हे त्यांच्या डोक्यात येईपर्यंत दार उघडलं होतं. डॉक्टरबाई बाहेर आल्या. केस विस्कटलेले, आठी जागच्या जागी, आणि हातात दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी लालबुंद.

“मुलगी आहे. आई ठीक आहे, रक्तदाब उतरतोय,” त्या म्हणाल्या. निळा रंग ब्रशवरून कानामात्र्यांच्या बाहीवर ओघळत होता. डॉक्टरबाईंनी दुपट्याचं टोक बाजूला केलं आणि म्हणाल्या, “बघा.”

एवढाच शब्द. नऊ महिन्यांचा तोच शब्द, फक्त ऊकार गेला होता आणि काना आला होता. कानामात्र्यांना तो दिसला, आणि मग डोळे भरून आल्यामुळे काहीच दिसेना.

आत बायको थकून पडली होती. केस कपाळाला चिकटलेले. तिने त्यांच्या निळ्या बाहीकडे पाहिलं. कानामात्र्यांनी मुलीला दोन्ही हातांवर घेतलं आणि तिच्याजवळ बसले.

“नीट तपासून घ्या हो,” बायको हळूच म्हणाली. “काही चूक आहे का?”

कानामात्र्यांनी मुलीचं नाक पाहिलं, मिटलेल्या मुठी पाहिल्या, बोटं एकेक करून मोजली.

“बघू,” ते म्हणाले, आणि काकूंनी येऊन मुलीला हातांतून काढून घेईपर्यंत बघत राहिले.